कण्याच्या चिलखताची कुळकथा

मुलीचा कणा एका अंगाला कलू लागला आहे, ही गोष्ट नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी पुष्कळदा डॉक्टरच्या अगोदर शिंप्याच्या ध्यानात येते. सातवी-आठवीतल्या मुलीच्या गणवेशाचे माप घेताना एक खांदा वर चढलेला, त्या बाजूचा फरा पाठीतून उचललेला, कमरेची एक खाच खोल आणि दुसरी जवळजवळ सपाट, असे त्याच्या सरावलेल्या नजरेला दिसते. शिवलेल्या कपड्याची कड एकीकडे दोन बोटे लोंबते, आणि मग मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो ते आईच्या कानावर घालतो. त्यानंतर घरात कारणांचा शोध सुरू होतो. दप्तराचे ओझे, वाकून लिहिण्याची खोड, धाकट्या भावंडाला कडेवर वागवणे, कमरेवर घागर आणणे, यांपैकी जे हाताशी सापडेल त्याच्यावर दोष जातो, आणि बहुधा तो शेवटी मुलीच्याच पदरी येतो. हा दोषारोप निराधार आहे, हे आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

डॉक्टर ज्याला स्कोलिओसिस म्हणतात तो हा विकार केवळ बाजूला वाकण्याचा नव्हे. कणा वाकता वाकता स्वतःभोवती पिळतो, त्याच्याबरोबर बरगड्या फिरतात, आणि म्हणून पाठीचा एक भाग उंच दिसू लागतो. दहा वर्षांच्या पुढे, वाढीच्या ऐन वेगात, निरोगी मुलामुलींत तो उद्भवतो तेव्हा बहुसंख्य रुग्णांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. काही कुळांत तो अधिक आढळतो, इतके मात्र खरे. दहा अंशांहून अधिक वळण किशोरवयात शेकडा दोन-तीन जणांना असते. त्यांतील बहुतेकांना काहीच करावे लागत नाही. परंतु वळण वाढत जाण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. वळण वीस-पंचवीस अंशांच्या आत असेल तर ठरावीक मुदतीने तपासत राहणे. पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीसच्या दरम्यान असून हाडांची वाढ शिल्लक असेल तर धडाभोवती बांधायचा पट्टा. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेले तर शस्त्रक्रिया, अशा तीन वाटा आज उपलब्ध आहेत. यांतील मधली वाट सर्वांत प्राचीन, आणि आश्चर्य असे की, ती खरोखर उपयोगी आहे की नाही याचा निर्णायक पुरावा अगदी अलीकडे, २०१३ साली हाती आला. तिची कुळकथा सांगण्याजोगी आहे.

दोन्ही टोकांकडून ताण दिला असता वाकलेला कणा सरळ होतो, ही कल्पना मानवी मनात फार जुनी. भागवताच्या दशम स्कंधातील कुब्जेची कथा आपल्याकडे कीर्तनातून घरोघर पोचलेली आहे; तिथे श्रीकृष्ण आपल्या पायाने तिची पाउले दाबून धरतो, दोन बोटांनी तिची हनुवटी उचलतो, आणि ती सरळ उभी राहते. कथेच्या दिव्यत्वाला यत्किंचितही बाध न आणता एवढे म्हणता येईल की, खाली स्थिर आधार आणि वर हनुवटीपाशी उचल, हे तिथले दृश्य विसाव्या शतकातल्या एका प्रख्यात पट्ट्याच्या रचनेशी विलक्षण जुळते. सुश्रुताने अस्थिभंगाच्या रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांनी जखडण्याची कपाटशयनाची योजना सांगितली आणि ती पृष्ठवंशालाही लागू केली. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या काळी वाकलेल्या कण्याच्या माणसाला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून खाली आपटण्याची हिकमत रूढ होती. स्वतः हिपोक्रेटिसला ती मान्य नव्हती. तिने कोणी सरळ झालेला आपण पाहिला नाही, आणि जमावाला थक्क करण्याची हौस असलेले वैद्यच ती वापरतात, असा त्याचा अभिप्राय आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका वैद्याने आपल्याच व्यवसायाच्या शिरस्त्याविरुद्ध दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

पट्ट्याचा खरा मूळपुरुष मात्र फ्रान्समधला. आंब्रवाझ पारे हा सोळाव्या शतकातला शस्त्रवैद्य. त्याची उमेदवारी न्हाव्यांच्या परंपरेत झाली, लष्कराबरोबर त्याने आयुष्याचा मोठा भाग काढला, आणि वाकलेल्या कण्याच्या मुलींसाठी त्याने जी लोखंडी चोळी योजिली ती चिलखते घडविणाऱ्या कारागिरांकडून करवून घेतली. वजन कमी व्हावे म्हणून पत्र्याला भोके पाडलेली, आतून मऊ अस्तर दिलेली अशी ती चोळी होती. आणि वाढत्या वयाच्या मुलीची चोळी दर तीन महिन्यांनी बदलावी, असेही पारे बजावतो. या एका सूचनेत पुढच्या चार शतकांचे सार आलेले आहे, कारण वाढ हीच या विकाराची जननी आणि वाढ हीच उपचाराची संधी, हे त्याने ओळखले होते. १७४१ मध्ये निकोला आंद्रीने अस्थिशास्त्राच्या नव्या शाखेला नाव देणारा ग्रंथ लिहिला आणि मुलांच्या बसण्या-उठण्याच्या सवयींवर सारा भर दिला. शाळेत ‘ताठ बस’ म्हणून मुलांना दिलेल्या ताकिदीला तेव्हापासून जी शास्त्राची प्रतिष्ठा लाभली, ती या विकारापुरती तरी तिला शोभत नाही.

या वंशावळीत एक प्रकरण असे आहे की, त्यापाशी थोडे थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. इग्वानोडॉन या लुप्त महाकाय सरीसृपाचे दात ओळखून त्याचे वर्णन १८२५ साली जगापुढे मांडणारा इंग्रज वैद्य गिडिऑन मँटेल १८४१ मध्ये गाडीच्या अपघातात सापडला. त्यानंतर अखेरपर्यंत त्याने पाठीच्या असह्य वेदना सोसल्या, आणि १८५२ मध्ये त्या वेदनांवर घेतलेल्या अफूच्या अतिरेकाने त्याचा अंत झाला. हयातीत वैद्यांना त्याच्या पाठीत गाठ असल्याचा भास झाला होता. मृत्यूनंतर कणा उघडून पाहिला तेव्हा गाठ नव्हतीच. कणा बाजूला वळून पिळला होता, आणि त्या पिळाने वर आलेला भाग गाठीसारखा भासत होता. विल्यम अ‍ॅडम्स या शस्त्रवैद्याने त्या कण्याचे बारकाईने परीक्षण केले. कणा उभ्या माणसात बाहेरून पुष्कळसा सरळ दिसत असतानाही आतून पिळलेला असू शकतो, हे त्याला उमगले, आणि १८६५ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात त्याने जी परीक्षा रूढ केली ती आज जगभर त्याच्याच नावाने चालते. मँटेलचा तो कणा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात शंभराहून अधिक वर्षे होता.

अ‍ॅडम्सच्या परीक्षेला ना यंत्र लागते ना पैसा. मुलीने पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात एकमेकांना लावून कमरेतून पुढे वाकायचे. पाहणाराने मागे बसून तिच्या पाठीच्या सपाटीवर नजर ठेवायची. एका बाजूची बरगडी किंवा कमरेचा स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसला, तर ती मुलगी डॉक्टरांकडे न्यावी. इतकेच.

त्यानंतरचा काळ मापाचा आणि साच्याचा. न्यूयॉर्कच्या लुईस सेअरने रुग्णाला डोक्याच्या व काखांच्या आधाराने टांगून त्याच्या अंगाभोवती प्लास्टरचे जॅकेट घट्ट केले. १८९५ मध्ये राँटगेनच्या किरणांनी कणा उघड न करता दिसू लागला. १९४८ मध्ये जॉन कॉब याने क्ष-किरण चित्रावर वळणाच्या दोन टोकांच्या मणक्यांना रेषा देऊन त्यांमधील कोन मोजण्याची रीत घालून दिली. हा कोन म्हणजेच आज मुलीच्या फायलीवर लिहिलेले अंश. त्याच सुमारास, १९४५-४६ मध्ये, मिलवॉकी शहरात वॉल्टर ब्लाउंट आणि आल्बर्ट श्मिट यांनी पोलिओने वाकलेल्या कण्यांना शस्त्रक्रियेनंतर आधार देण्यासाठी एक पट्टा तयार केला. कमरेला चामड्याचा घट्ट घेर, त्यावरून पुढे एक आणि मागे दोन धातूच्या पट्ट्या मानेपर्यंत गेलेल्या, वर गळ्याभोवती कडे आणि हनुवटीखाली आधार. तो दिवसाचे तेवीस तास अंगावर ठेवीत. हनुवटीवर सतत पडणाऱ्या दाबाने मुलांचे जबडे व दात बिघडू लागले, तेव्हा तो आधार काढून गळ्याजवळ हलकी बैठक देण्यात आली.

पोलिओने या शास्त्राला किती गती दिली याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. आपल्या मुंबईत फातिमा इस्माइल यांनी स्वतःच्या पोलिओग्रस्त मुलीच्या इलाजासाठी वणवण केल्यानंतर १९४७ साली अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, आणि कृत्रिम अवयव व पट्टे घडविणारे तंत्रज्ञ आपल्याकडे तयार होऊ लागले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टनला पोलिओच्या रुग्णांनीच कण्यात धातूची सळई बसविण्याकडे वळविले. १९६२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके याने कण्याला मणक्यामणक्याशी तारांनी बांधण्याची रीत काढली, ज्यायोगे शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने प्लास्टरमध्ये राहण्याची गरज उरली नाही. उष्ण हवेच्या प्रदेशातील रुग्णाला हा केवढा दिलासा, हे मराठवाड्याच्या वाचकाला सांगावयास नको. १९८० नंतर फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबूसे यांनी सळई फिरवून पीळही उलगडण्याची पद्धत आणली, आणि आजची स्क्रूची शस्त्रक्रिया तिचीच संतती आहे.

पट्ट्याच्या वंशात पुढचा मोठा फेर १९७० नंतर बॉस्टनमध्ये झाला. जॉन हॉल हा डॉक्टर आणि बिल मिलर हा पट्टे घडविणारा तंत्रज्ञ यांनी गळ्याचे कडे काढूनच टाकले. काखेखाली राहील आणि कपड्याखाली झाकला जाईल असा प्लॅस्टिकचा पट्टा केला. असा पट्टा अंगाच्या साच्यावरून घडताना पाहावा. मुलीला पातळ सुती बनियन घालून उभे करतात, हाडांच्या खुणा न पुसणाऱ्या पेन्सिलने नोंदतात, वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात आणि सुकल्यावर मागून कापून सोडवतात. त्या साच्यात प्लास्टर भरून धडाची प्रतिमा तयार करतात, आणि मग तंत्रज्ञ कानशीने ती प्रतिमा तासू लागतो. जिथे दाब हवा तिथे खोल, आणि त्याच्या समोरच्या बाजूस मोकळी जागा, कारण ढकललेल्या अंगाला सरकण्यास वाव नसेल तर दाब व्यर्थ जातो. या मोकळ्या जागेवरूनच चांगला पट्टा ओळखावा असे मला वाटते. त्या प्रतिमेवर प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा चढवून, कडा घासून, बंद लावले की पट्टा तयार होतो.

परंतु तो उपयोगी आहे का? आयोवा विद्यापीठाच्या स्टुअर्ट वाइनस्टीन व लोरी डोलन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील २५ केंद्रांत जी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचे वळण वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिले; केवळ देखरेखीखाली असलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की, चाचणी मुदतीपूर्वीच थांबविली. पट्ट्यात बसविलेल्या संवेदकाने तो किती तास अंगावर होता हे नोंदले गेले, आणि दिवसाकाठी १३ तासांच्या आसपास वा अधिक वेळ तो घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. त्याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट निघते, आणि ती पालकांपासून लपवू नये: पट्ट्याशिवायही जवळजवळ निम्म्या मुलांचे वळण मर्यादेत राहिले. कोणाचे राहील हे आधी सांगता येत नाही, म्हणून निवड करताना मुलीला समोर बसवून हे आकडे तिलाही सांगितले पाहिजेत. पट्टा तिने घालायचा आहे.

बिलोलीत हा प्रश्न काही वेगळ्या अडचणी घेऊन उभा राहतो. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात होता, आणि गंभीर दुखण्यासाठी हैदराबादेकडे पाहण्याची रीत सीमेवरच्या घरांत आजही आहे. निझामाच्या विश्वस्त निधीतून पंजागुट्ट्याला उभे राहिलेले अस्थिरोग रुग्णालय, आजचे निम्स, या भागाला परके नाही. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण वैशाखात प्लॅस्टिकचा पट्टा दिवसभर घालणे म्हणजे अंगाला घामोळे आणि कातडी सोलणे. म्हणून आतले सुती बनियन दिवसातून दोनदा बदलावे, दाबाच्या जागी तेल वा मलम चोपडू नये, आणि शाळेचे तास जमत नसतील तर डॉक्टरांशी बोलून संध्याकाळ व रात्र यांची बेरीज साधावी. याहून मोठी अडचण लग्नाची. पट्टा दिसला तर मुलीला खोट आहे असे बोलले जाईल, या भीतीने कित्येक घरांत ती वाढीची मोलाची वर्षे लपविण्यात जातात, आणि पंचवीस अंशांवर आवरता आले असते ते वळण पन्नासच्या पुढे जाऊन शस्त्रक्रियेवर येते. या विकाराच्या सर्वसाधारण वळणाने मातृत्वाला बाध येत नाही, हे वडीलधाऱ्यांनी निःसंकोच सांगावे.

खर्चाच्या बाबतीत नांदेड जिल्हा भाग्यवान म्हणावा लागेल. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत तो होता, आणि आता तीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर मान्यताप्राप्त रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारपूस करावी, मग जमीन गहाण टाकण्याचा विचार करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळाशाळांत येतात. त्यांच्या मूळ तीस विकारांच्या यादीत वाकडे पाय व निखळलेला खुबा आहे, किशोरवयातला कण्याचा बाक नाही. तो यादीत घालावा. तोपर्यंत, सहावी ते नववीच्या वर्गांवरील शिक्षिकांनी आणि घरातील आयांनी, वर्षातून दोनदा, दार लावून, मुलीला पुढे वाकायला सांगावे आणि तिची पाठ पाहावी.