जुळं कोकरू हलकं का? एका आकड्याचा इतिहास

समजा, बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याच्या माळावर एका धनगराच्या वाड्यात तीन महिन्यांची दोन नर कोकरं आहेत. एक १४ किलोचं, दुसरं ११ किलोचं. पैदाशीला कोणतं ठेवाल? जड असेल तेच ना? पण हलकं कोकरू जुळ्यातलं असेल तर?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला संख्याशास्त्राला बरीच वर्षं लागली. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी दाखवलं की नातेवाइकांमधल्या साम्यावरून एकूण फरकातला आनुवंशिक वाटा वेगळा काढता येतो. पुढे अमेरिकेत आयोवाच्या जे लश यांनी हा हिशेब जनावरांच्या पैदाशीत रुजवला. हीच आपली हेरिटॅबिलिटी. लक्षात ठेवा, हा आकडा एका कोकराचा नसतो, त्या कळपाचा आणि तिथल्या परिस्थितीचा असतो.

मेंढीत खरी अडचण आईची. कोकरू तिची निम्मी जनुकं घेतं, वर तिचं दूधही पितं. दोन्ही वेगळं केलं नाही तर हेरिटॅबिलिटी फुगते. १९७१ मध्ये पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी रेमल पद्धत मांडली. १९९२ मध्ये कारिन मायर यांनी गुरांच्या वाढीसाठी आईचा परिणाम धरून आणि न धरता अशी मॉडेलं ताडून पाहिली. मेंढ्यांवरचे आजचे प्रबंधही त्याच वाटेने जातात.

महाराष्ट्रात हा प्रश्न समजून घ्यायला फलटण बघा. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीचं फेकबी जनुक दख्खनी मेंढीत आणलं. त्यातूनच 'नारी सुवर्णा' तयार झाली. या जनुकामुळे जुळी वाढतात. पण जुळं कोकरू जन्मतःच हलकं असतं आणि दूधही वाटून पितं. नुसत्या वजनावर नर निवडले, तर ज्या जनुकासाठी एवढा खटाटोप केला तेच कळपातून कमी होत जाईल! म्हणून मॉडेलमध्ये एकटं की जुळं, लिंग, हंगाम, वर्ष आणि आईचं वय आधी धरायचं.

बीडच्या फिरत्या कळपांत आणखी एक पेच आहे. वाड्यात एकापेक्षा जास्त मेंढे सोडलेले असले की बाप कोण ते कळत नाही, आणि बाप माहीत नसेल तर वंशावळ अर्धीच राहते. तेव्हा सॉफ्टवेअर शिकण्याआधी वही घाला: आई, जन्मतारीख, एकटं की जुळं, आणि जमल्यास डीएनएसाठी रक्ताचा नमुना.