पीटर जेंट : ज्याने फुटबॉलच्या ड्रेसिंग रूमचं दार उघडलं

सकाळ झालीय. एक धिप्पाड माणूस अंथरुणातून उठायचा प्रयत्न करतोय. नाकात रक्त साकळलंय, गुडघा वाकत नाही, बाथरूमपर्यंत जाताना कण्हतोय. हा कुणी म्हातारा नाही, ऐन उमेदीतला खेळाडू आहे. 1979 सालच्या 'नॉर्थ डॅलस फॉर्टी' या हॉलिवूडपटाची ही सुरुवात. 'रॅम्बो'चा पहिला भाग काढणाऱ्या टेड कॉचेफचाच हा सिनेमा. तो ज्या कादंबरीवर बेतलाय, तिचा लेखक स्वतः त्या मैदानावर मार खाऊन आलेला होता. त्याचं नाव पीटर जेंट.

इथला फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नाही, तर हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा अमेरिकन फुटबॉल. मिशिगनमध्ये 1942 साली जन्मलेला जेंट कॉलेजात खेळायचा बास्केटबॉल. तरीही 1964 मध्ये डॅलस काउबॉईजने त्याला घेतलं. धावत जाऊन फेकलेला बॉल झेलायचा, म्हणजे 'वाइड रिसीव्हर'चं काम. पाच सीझन तो तिथे टिकला.

1973 साली कादंबरी आली. काउबॉईजनी पहिला सुपर बोल जिंकून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. नावातले 'फॉर्टी' म्हणजे तेव्हाच्या संघातले 40 खेळाडू. गोष्ट आठ दिवसांची. नायक फिल इलियट इंजेक्शनं आणि गोळ्यांवर उभा आहे. दुखतंय म्हणून बसलं, तर जागा दुसऱ्याची. कोच बी. ए. स्ट्रॉदर माणसांकडे आकडेवारी म्हणून बघतो. हा कोच म्हणजे काउबॉईजचे टॉम लँड्री आणि इलियटचा जिगरी दोस्त सेथ मॅक्सवेल म्हणजे क्वार्टरबॅक डॉन मेरेडिथ, हे वाचकांनी लगेच ओळखलं.

खरी मेख पुढे आहे. संघ स्वतःच दुखणं मारायची औषधं देतो, त्यावर कुणी हरकत घेत नाही. पण इलियटच्या मागे गुप्तहेर लावला जातो आणि गांजा ओढतो म्हणून त्याला काढून टाकलं जातं. गांजा ओढताना सोबत स्टार क्वार्टरबॅकही असतो, पण त्याला हात लागत नाही. नियम कुणासाठी असतो, हे एवढ्यात कळतं.

खेळाडू हे सगळं सहन का करायचे? कारण जायला दुसरी जागा नव्हती. तेव्हाच्या 'रोझेल नियमा'नुसार करार संपलेला खेळाडू घेणाऱ्या संघाला जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे आणि ती किती, हे लीगचा कमिशनर ठरवू शके. त्यामुळे सहसा कुणी घ्यायचंच नाही. 1976 मध्ये कोर्टाने हा नियम बेकायदा ठरवला. खेळाडूंना खरी मोकळीक मिळायला मात्र 1993 उजाडलं.

जेंटने पुढेही लिहिलं. 1983 च्या 'द फ्रँचायझी'मध्ये तो मैदानाच्या वर, मालकांच्या मजल्यावर चढतो : सट्टा, स्टेडियमचे व्यवहार, पैशासाठी चाललेली गुंडगिरी. कादंबरी जरा पसरट आहे, पण आयपीएल बघणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. 1989 मधल्या 'नॉर्थ डॅलस आफ्टर फॉर्टी'ला मात्र पहिल्या पुस्तकाची धार नाही.

2002 मध्ये माइक वेबस्टर या माजी खेळाडूच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालूंना वारंवार बसलेल्या धक्क्यांच्या खुणा सापडल्या. पुढे हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले आणि 2013 मध्ये एनएफएलने 76.5 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ती बघायला जेंट नव्हता. 2011 मध्ये, वयाच्या 69 व्या वर्षी, मिशिगनमधल्या आपल्या बँगर गावी तो वारला.

आणि गांजा? 2020 च्या करारापासून चाचणीत तो सापडला म्हणून एनएफएलमध्ये खेळाडूवर बंदी घातली जात नाही.