पाकिटातलं सूप आणि आज्जीचा डबा

शुक्रवारी रात्री रिलीज झाली आणि शनिवारी सकाळी मी आडवा. ताप फार नव्हता, पण घसा असा की पाणीसुद्धा गिळवेना. बायको माहेरी गेलेली, बाहेरून मागवायची इच्छा नाही. शेवटी कपाटातून सूपचं पाकीट काढलं. चष्मा लावून मागची कृती वाचली: पावडर गार पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, उकळत्या पाण्यात ओता, ढवळत राहा.

आणि तिथेच थबकलो. हे सगळं मी आधी पाहिलं होतं की! औशाला, आज्जीच्या चुलीपुढे बसून. फक्त तिथे त्याला सूप म्हणत नव्हते, माडगं म्हणत होते.

पाकिटातलं सूप मी प्यायलो (आजारी माणसाने तत्त्वांना फार चिकटू नये). पण मग झोपायचं सोडून दोन दिवस वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्या तापाचं फलित. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी कोकणातल्या मंडळींसाठी: हुलगा म्हणजे तुमचा कुळीथ. इंग्रजांनी त्याला 'हॉर्स ग्रॅम' म्हटलं, कारण घोड्यांना तो चारला जायचा. आमच्याकडे बैलांना शिजवून घालत. त्यामुळे शहरात हा शब्द काढला की लोक जरा नाक मुरडतात. पण जनावराला राबायची ताकद देणारं धान्य माणसाला वाईट कसं असेल? त्यात वीस-बावीस टक्के प्रथिनं असतात.

माडग्याची खरी करामत चुलीवर होतच नाही, ती आठवडे-महिने आधी झालेली असते. हुलगे कढईत खमंग भाजायचे, गार करायचे, दळायचे आणि पीठ डब्यात भरून ठेवायचं. भाजल्याने ओल जाते, कीड लवकर लागत नाही, कच्चा उग्रपणा कमी होतो आणि पुढे शिजायला सरपण कमी लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर वेळखाऊ काम सगळं बिल्डच्या वेळी उरकायचं, म्हणजे ऐनवेळी प्रोग्रॅम पळतो. येसर हे त्याचंच चुलतभावंड. डाळी, धान्यं आणि मसाले भाजून दळलेली ही भुकटी लातूर-उस्मानाबादकडच्या (आता धाराशिव म्हणायचं, माहीत आहे!) घरात वर्षभर असायची. अचानक दहा पाहुणे आले की पाणी उकळायचं, येसर कालवून सोडायचं, आमटी तयार.

आता युरोपात चला. १८६७ साली बर्लिनच्या योहान हाइनरिश ग्रुनेबर्ग नावाच्या माणसाने वाटाण्याचं पीठ, चरबी, खारवलेलं डुकराचं मांस आणि मसाले एकत्र करून त्याच्या सॉसेजसारख्या कांड्या केल्या. तुकडा मोडायचा, पाण्यात कुस्करायचा, उकळायचा, की सूप. प्रशियाच्या सरकारने ही कल्पना विकत घेतली आणि १८७०-७१च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात त्यांचं सैन्य या सुपावर चाललं. पुढे हे 'एर्ब्सवुर्स्ट' क्नोर कंपनीने बनवायला घेतलं आणि ते थेट २०१८पर्यंत बाजारात होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. स्वित्झर्लंडमध्ये गिरण्या-कारखाने वाढले, बायका दिवसभर कामावर जाऊ लागल्या आणि घरी शिजवायला वेळ उरेना. कामगारांची पोटं नीट भरत नाहीत म्हणून तिथल्या डॉक्टरांना काळजी वाटू लागली. कडधान्य स्वस्त आणि पौष्टिक, पण शिजायला फार वेळ घेणार. यावर युलियुस मॅगी नावाच्या पीठगिरणीवाल्याने १८८४ साली कडधान्यांची झटपट शिजणारी पिठं काढली आणि १८८६ साली वाटाणा-घेवड्याची तयार सुपं. होय, तोच मॅगी! ज्याला आपण दोन मिनिटांच्या शेवया म्हणून ओळखतो त्याची सुरुवात कडधान्याच्या पिठाच्या सुपातून झाली आहे. म्हणजे अडचण तीच, उत्तरही जवळपास तेच. फरक इतकाच की मॅगीने त्यावर आपलं नाव छापलं आणि आमच्याकडे ज्यांनी हे शोधून काढलं त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बायकाच असणार, दुसरं कोण?

बरं, हे आमच्याकडे किती जुनं? हुलगा खाणं तरी फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून जे उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत कुळथाचे जळके दाणे सापडले. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत 'यूष' म्हणून जे येतं ते म्हणजे कडधान्याचं कढणच. शरीरशुद्धीनंतर माणसाला पुन्हा जेवणावर कसं आणायचं याचा त्यांनी क्रम दिलाय: आधी पेया, मग विलेपी, मग यूष, असं करत करत पूर्ण जेवण. आजाऱ्याला पातळ द्यावं हे शहाणपण आज्जीने पोथी वाचून मिळवलेलं नव्हतं, पण ते आलं त्याच वाटेने.

औशाच्या आसपास सगळंच पातळ गरम नसतं म्हणा. येळवशीला (बाकी महाराष्ट्राला हा सण ठाऊक नसतो, याचं आम्हा लातूरकरांना कायम दुःख) मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावं ओस पडतात. सगळे शेतात. तिथे भज्जी असते, उंडे असतात आणि माठातली गार आंबील असते: ज्वारीचं पीठ, ताक, लसूण. आणि औसा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा तिसरी एक वाट हैदराबादेकडूनही येते. तिथल्या लग्नांत पहिला मान 'मरग' नावाच्या मटणाच्या पातळ सुपाचा. शब्द अरबी, रस्सा या अर्थाचा. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब होते, त्यांच्याबरोबर तो आला. मरगवर एक वेगळा लेख होईल, पण त्यासाठी आधी लग्नाचं आमंत्रण हवं :)

असो. मुद्द्यावर येतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी दुसरीत होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यात. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं त्या पहाटे माणसांवर बसली.

आमचं घरही माळवदाचं. ते उभं राहिलं, पण मधल्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली. आम्ही सगळे अंगणात ताडपत्रीखाली. वरून पाऊस. आत जायची कुणाचीच हिंमत नव्हती, कारण जमीन मधूनच हलायची. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. आजोबा काही न बोलता उठले, आत गेले आणि थोड्या वेळाने हुलग्याच्या पिठाचा डबा छातीशी धरून बाहेर आले. आज्जी त्यांच्यावर इतकी चिडली की मला भूकंपापेक्षा तिचीच भीती वाटली. मग तिने तीन दगड मांडले आणि त्याच डब्यातल्या पिठाचं माडगं केलं.

"काय बघलालास? फुंकून पी."

चव आठवत नाही असं लिहिलं तर जास्त प्रामाणिक होईल. हातातल्या पितळी वाटीचा चटका मात्र आठवतो.

आज्जी म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी रेशनवरची अमेरिकन मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, पण डब्यात हुलग्याचं पीठ होतं तोवर घरात आजारी माणसाला काय द्यायचं हा प्रश्न नव्हता. हलक्या रानात, थोड्या ओलीवर येणारं पीक ते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मला हे तिचं बोलणं फार आठवलं.

तर या रविवारी चुलत्यांना फोन केला. म्हटलं, काका, दोन किलो हुलगे पाठवा.

"हुलगं कोन पेरलालंय आता? सगळीकडं सोयाबीन."

मी ज्वारी-कडधान्यांबद्दल काहीतरी सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हुलग्याला भाव कोन देतंय? तू देतोस का?" सोयाबीनला लातूरचा मोठा बाजार आहे, हातात रोख येते, मुलांच्या फिया भरल्या जातात. पुण्यात बसून, पाकिटातलं सूप पिऊन मी त्यांना काय शिकवणार? गप्प बसलो.

शेवटी ॲपवरून मागवले. अर्धा किलो, कुठल्या रानातले देव जाणे. ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी कृती:

हुलगे निवडून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. रंग लालसर तपकिरी व्हायला हवा आणि वास शेजाऱ्यांपर्यंत जायला हवा. गार करून मिक्सरवर बारीक दळा, चाळा. दोन जणांसाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात कालवलंत तर गुठळ्या होणारच. पातेल्यात चमचाभर तुपात जिरं आणि ठेचलेल्या पाच-सहा पाकळ्या लसूण परता, तीन वाट्या पाणी घालून उकळी आणा, कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. मीठ, चिंचेचा कोळ, बोटभर गूळ. सात-आठ मिनिटं मंद उकळू द्या. गोड हवं असेल तर लसूण-चिंच वगळून गूळ वाढवा आणि सुंठ घाला. आज्जीचं माडगं गोडच असायचं. पण घसा दुखत असताना मला लसूण बरा वाटला.

झाल्यावर कौतुकाने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि वाटी कॅमेऱ्यापुढे धरली. तिने चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाली, "रंगावरनं कळलालंय. भाजायला कमी पडलास."