टाकणे

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन वाजायला लागतात. यंदा ताईचा होता. भाच्याला ५२ टक्के. "आता याचं काय करायचं रे? आयटीआयला टाकावं का?"

टाकावं! मार्क असले की मुलगा सायन्सला 'जातो', नसले की त्याला आयटीआयला 'टाकतात'. हे क्रियापद काही डोक्यातून जाईना, म्हणून हे जुनं उकरून काढतोय. (ताई, रागावू नकोस, आपण सगळेच असं बोलतो.)

आम्हाला शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता. खडू करा, मेणबत्त्या करा, कागदाची पाकिटं चिकटवा. परीक्षा जवळ आली की ते तास गणिताचे सर घ्यायचे आणि शेवटी वर्गात सगळ्यांना 'अ' श्रेणी. हा विषय आला कुठून, हे मला फार उशिरा कळलं. तो कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालातला. तिथे अर्थातच खडू अपेक्षित नव्हते. हुशार असो की नसो, प्रत्येक मुलाने खरं, उत्पादक काम करत शिकावं असा तो विचार होता. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. त्याआधी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातूनच बाकीचे विषय शिकवायची योजना मांडली होती. आणखी मागे गेलं तर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते.

म्हणजे मागणी शंभर वर्षांची, आणि आमच्या वाट्याला आला खडू.

का? शिक्षक बदलले नाहीत, साधनं नव्हती, हे आहेच. पण मला वाटतं खेड्यातल्या आईबापांनी यातली मेख बरोबर ओळखली होती. शहरातल्या मुलाला इंग्रजी आणि आमच्या पोराला टकळी? जे काम पिढ्यान् पिढ्या जातीने गळ्यात मारलं, तेच करायला शाळेत कशाला पाठवायचं? या प्रश्नाला अहवालांकडे उत्तर नव्हतं.

उत्तराच्या जवळ गेलेला एक माणूस मला माहीत आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत पीएच. डी. केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून १९८३ साली ते सपत्नीक पाबळला राहायला गेले. पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातलं, मस्तानीची समाधी आहे ते. पर्जन्यछायेतलं कोरडं गाव. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तो नाईकांनी स्थापन केलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून. नाईक १९८१ मध्येच गेले होते. आपल्या अहवालातल्या शब्दाचं पाबळला काय झालं, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

आश्रमात शाळा सोडलेली, नापास झालेली मुलं यायची. एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, आणि त्यात एक नाही, चार प्रकारची कामं: वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. सगळ्यांनी सगळं करायचं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला 'तुला काय आवडतं?' विचारलं तर तो काय सांगणार बिचारा? त्याने काही करूनच बघितलेलं नसतं. इथे त्याने माती तपासलेली असते, रक्तगट तपासलेला असतो, विहिरीसाठी जमिनीतलं पाणी शोधायच्या यंत्रावर काम केलेलं असतं. शिवाय ही कामं गावासाठी, पैसे घेऊन. गिऱ्हाईक 'अ' श्रेणी देत नाही, वेल्डिंग तुटलं तर परत घेऊन येतं :)

आश्रमातले घुमटाकार डोम मुलांनीच बांधले. हाच अभ्यासक्रम पुढे आठवी ते दहावीच्या शाळांतही गेला. २००२ साली एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला आली. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. आश्रम चालू आहे.

तरी एक गोष्ट खटकते. पाबळची वाट निवडणारी मुलं बहुतेक करून तीच, ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती. कोठारींच्या अहवालातलं 'प्रत्येक मुलाने' तिथेही पुरतं झालं नाही. यात दोष पाबळचा नव्हे. ९० टक्केवाल्यांचे आईबाप तिकडे फिरकलेच नाहीत.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान आहे रे. तुझ्या निखिलला पाठवला असतास का?"

निखिलला दोन वर्षांपूर्वी ९१ टक्के होते. मी भाओजींच्या गुडघ्याची चौकशी केली.