शॉर्ट कुठे आहे? एका कॉइलची आणि एका समुद्री तारेची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका व्हिडिओ कॉलने. माझा कॉलेजातला रूममेट सध्या मँचेस्टरला असतो. रविवारी रात्री त्याचा फोन. हातात व्हेप, चेहरा वैतागलेला. "अरे, नवी कॉइल स्वतः गुंडाळून बसवली, तर स्क्रीनवर नुसतं 'शॉर्ट' येतंय. पाच वेळा बटण दाबलं!"

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. भारतात 2019 पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं कायद्याने बंद आहे, आणि मी काही त्याची शिफारस करत नाहीये. पण 'पाच वेळा बटण दाबलं' हे ऐकलं आणि मला थेट 1858 साल आठवलं.

शॉर्ट म्हणजे काय, ते पटकन बघू. कॉइल म्हणजे मुद्दाम अडथळा आणणारी तार. अडथळा आहे म्हणून ती तापते. समजा कॉइलचा रेझिस्टन्स 0.5 ओहम आहे आणि फुल चार्ज सेल 4.2 व्होल्टचा. भागाकार करा, करंट 8.4 अँपिअर. आता कॉइलचं एक टोक चुकून बाजूच्या धातूला टेकलं. करंटला कॉइलमधून जायची गरजच उरली नाही, आडवाट मिळाली. रेझिस्टन्स 0.05 ओहमवर आला तर हिशोबाने करंट 84 अँपिअर! इतका करंट काढायला गेलात तर छोटा सेल भयंकर तापतो, फुटूही शकतो. मित्राच्या मशीनमध्ये चिप होती, तिने आधी रेझिस्टन्स मोजला आणि करंट सोडलाच नाही. काही साध्या मेकॅनिकल व्हेपमध्ये अशी चिपच नसते. तिथे पाच वेळा बटण दाबणं म्हणजे आगीशी खेळ.

आता चला 1858 मध्ये. आयर्लंडचं व्हॅलेन्शिया बेट ते कॅनडाकडचं न्यूफाउंडलंड, अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली टेलिग्राफ तार. 5 ऑगस्टला ती जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पहिला संदेश गेला, 98 शब्दांचा. वेळ किती लागला? सुमारे 16 तास! तरीही लोकांनी जल्लोष केला, कारण तोवर निरोप जहाजाने जायचा.

या कामावर दोन माणसं होती. एक वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशाने सर्जन, विजेचा अभ्यास स्वतःच केलेला. दुसरे ग्लासगोचे प्रोफेसर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे जाऊन लॉर्ड केल्विन. तारेभोवती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं इन्सुलेशन होतं. ते ठिकठिकाणी कच्चं होतं. काही जागी तांब्याची तार मधोमध नव्हती, एका बाजूला सरकलेली. अशा जागेतून करंट समुद्राच्या पाण्यात पळतो. मित्राच्या कॉइलसारखीच आडवाट, फक्त समुद्राखाली.

सिग्नल कमजोर येतोय म्हटल्यावर व्हाइटहाउसचा उपाय एकच, जोर वाढवा. त्याने सुमारे 2,000 व्होल्ट दाबले. थॉमसनचा मार्ग उलटा होता. करंट अगदी कमी ठेवायचा आणि मोजणारं यंत्र नाजूक करायचं. त्यांच्या गॅल्व्हानोमीटरमध्ये इवलासा आरसा होता. अगदी किंचित करंट आला तरी आरसा हलायचा आणि प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकायचा.

तीनेक आठवड्यांत तार मेली. व्हाइटहाउसला नोकरीवरून काढलं, सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. पण न्यायाने बोलायचं तर तार आधीच आजारी होती. त्याने आजार शोधायचा सोडून रोग्याला पळायला लावलं, इतकंच.

खरी गंमत पुढे आहे. सरकार आणि कंपनीने मिळून चौकशी समिती नेमली, 1861 मध्ये तिचा अहवाल आला. त्यातून ठसलेली गोष्ट साधी होती: नीट मोजल्याशिवाय तार समुद्रात सोडू नका. एक मैल तारेचा रेझिस्टन्स माहीत असेल, तर किनाऱ्यावर बसून एकूण रेझिस्टन्स मोजायचा आणि बिघाड किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधायचा. पण त्यासाठी सगळ्यांचं माप एकच हवं ना! तेव्हा प्रत्येकाचं माप वेगळं. म्हणून 1861 मध्येच थॉमसन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनची समिती बसली आणि रेझिस्टन्सचं प्रमाणित एकक ठरवायला घेतलं. त्याला नाव मिळालं जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांचं. मित्राच्या स्क्रीनवरचं ते 'ओहम' चिन्ह आपल्यापर्यंत पोचलं त्यात समुद्रातल्या बिघडलेल्या तारांचा मोठा वाटा आहे!

1866 मध्ये अटलांटिकची तार टिकली. 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' याच जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि आपली मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली.

परत मित्राकडे. म्हटलं, "बटण सोड, सेल काढ. आता वरची टोपी काढून फक्त रेझिस्टन्स मोज." आकडा आला 0.48. एकदम बरोबर. "आता टोपी लाव." शून्याच्या जवळ! म्हणजे कॉइल ठीक, दोष टोपी लावल्यावर होतोय. नीट पाहिलं तर तारेचं एक टोक स्क्रूच्या बाहेर दोनेक मिलिमीटर जास्त राहिलं होतं आणि टोपीला आतून टेकत होतं. टोक कापलं, काम झालं. आम्ही कोड डीबग करतो तेही असंच, एकेक भाग बाजूला काढत.

आमच्या जुन्या घरी फ्यूज सारखा उडायचा, तेव्हा कोणीतरी त्यात जाड तार घालायचं. फ्यूज उडायचा थांबला, सगळे खूश. मग एक दिवस भिंतीतून जळका वास आला. शेवटी म्हातारे वायरमनकाका आले. त्यांनी फ्यूजच्या जागी बल्ब सिरीजमध्ये लावला आणि एकेक खोलीची लाइन सोडवत गेले. स्वयंपाकघराची लाइन सोडवल्यावर बल्ब विझला. "इथंय बघ," म्हणाले. थॉमसनचं नाव त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही, पण पद्धत तीच.

तुमच्या घरी फ्यूजमध्ये जाड तार आहे का? आज जरा बघाच. भेटू पुढच्या भागात!