आपल्याच लाइनवरची इटली

आजचा एपिसोड बोईसरच्या घरून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मध्येच मालगाडी धडधडली तर सांभाळून घ्या. तसाही विषय याच रेल्वेलाइनवरचा आहे.

एप्रिल २०२५. दिल्लीत, साकेतच्या किरण नाडर म्युझियममध्ये इटलीहून एक पाहुणं आलं होतं: कॅराव्हॅज्जोचं मानलं जाणारं ‘मॅग्डलीन इन एक्स्टसी’. चित्र १६०६ चं. त्याच वर्षी रोममध्ये त्याच्या हातून एक माणूस मेला आणि तो पळाला. चित्र महिनाभरच राहणार होतं. मी विमानाची तिकिटं बघत बसलो, इकडे ऑफिसात रिलीज. महिना संपला, चित्र गेलं.

उसन्या चित्रांचं असंच असतं. खास पेटी, भलामोठा विमा, सोबत एक जबाबदार माणूस. पेटी पोचली तरी लगेच उघडत नाहीत. सहसा दिवसभर तशीच ठेवतात, म्हणजे कॅनव्हास आणि लाकूड नव्या हवेला सरावतं. मग तारीख संपली की पाहुणा निघाला.

हळहळत वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की जुनी इटालियन चित्रं आपल्या लाइनच्या दोन्ही टोकांना आहेत. आणि ती परत जाणार नाहीत.

एक टोक बडोदा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड तिथले महाराज झाले. त्यांनी लोकांसाठी चित्रदालन बांधायला घेतलं १९०८ मध्ये. इमारत १९१४ ला तयार झाली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकली. दालन उघडलं १९२१ मध्ये.

दुसरं टोक मुंबई. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेटची ही इमारतसुद्धा १९१४ ला तयार. युद्धात तिथं चित्रांऐवजी जखमी सैनिक आले, लष्करी रुग्णालय झालं. लोकांसाठी दारं उघडली १० जानेवारी १९२२ ला. म्हणजे एकाच युद्धानं आपल्या लाइनची दोन्ही टोकं सात-आठ वर्षं थांबवून ठेवली!

मुंबईतली बरीच युरोपियन चित्रं आली टाटांकडून. सर रतन टाटा, म्हणजे २०२४ मध्ये गेलेले रतन टाटा नव्हेत, तर जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचं मोठं घर होतं. १९१८ मध्ये ते गेले आणि त्यांचा संग्रह पुढे संग्रहालयाला मिळाला. थोरले बंधू सर दोराबजी यांचा संग्रह १९३३ मध्ये आला. त्या दालनातल्या चित्रकारांत एक नाव आहे मात्तिआ प्रेती. जन्म १६१३, कॅराव्हॅज्जो गेल्यावर तीन वर्षांनी. पण काळोखातून उजेड काढायची रीत त्याचीच.

मी बाबांना घेऊन गेलो. डहाणू लोकलनं विरार, तिथून चर्चगेट. बाबांची सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा नखं कधी निळी, कधी लाल. संग्रहालयासमोरून शंभर वेळा गेलेत, आत कधीच नाही.

एका काळपट चित्रापुढे ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “आमच्याकडे बॅच एवढी काळी आली असती तर परत पाठवली असती.” थोडं थांबून, “पण उजेड कुठून येतोय ते बरोबर कळतंय रे.”

मग विचारलं, “हे परत कधी नेणार?”

“नाही नेणार बाबा. हे इथलंच आहे. तुम्ही जन्मायच्या आधीपासून.”

“मग इतकी वर्षं आपण का नाही आलो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकिटाचे पैसे नव्हते असंही नाही. ते आपल्यासाठी आहे असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. सयाजीरावांनी आणि टाटांनी मात्र ही चित्रं सगळ्यांसाठीच ठेवली होती. त्या सगळ्यांत रंगाच्या कारखान्यातला माणूसही येतो.

तर मंडळी, पुढच्या रविवारी घरातल्या कुणाला तरी घेऊन जा. बडोद्याला आम्ही दिवाळीनंतर जातोय. बाबांनीच ठरवलंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!