परतीच्या वाटेचा शेवट : ‘लाइफ ऑन मार्स’च्या निमित्ताने

स्मरणरंजन हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा कमीपणानेच उच्चारला जातो. परंतु एखादी विज्ञानकथाच जेव्हा स्मरणरंजनावर उभी राहते, तेव्हा तिचा शेवट कसा करावा हा प्रश्न केवळ कथानकापुरता उरत नाही. भूतकाळाशी आपले नाते कोणते, याचाच तो निवाडा ठरतो. बीबीसीच्या ‘लाइफ ऑन मार्स’ या मालिकेचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

जानेवारी २००६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा नायक सॅम टायलर हा मँचेस्टरचा पोलीस अधिकारी. मोटारीची धडक बसून तो कोसळतो आणि शुद्धीवर येतो तो १९७३ सालात. तेथील त्याचा वरिष्ठ जीन हंट रांगडा, शिवराळ आणि संशयितावर हात टाकताना मागेपुढे न पाहणारा. आपल्याला वेड लागले आहे, आपण बेशुद्ध आहोत, की खरोखरच मागे आलो आहोत, हे सॅमला उमगत नाही. प्रेक्षकही सोळा भाग हेच कोडे सोडवत राहिले.

या तीन तर्कांत तीन इतिहासदृष्टी दडलेल्या होत्या. कालप्रवास खरा मानला, तर भूतकाळाला आपल्यावाचूनही अस्तित्व आहे. बेशुद्धी मानली, तर तो आपल्याच मनाने रचलेला आहे. वेड मानले, तर २००६ हाच भ्रम ठरून वर्तमानच संशयास्पद होते.

एप्रिल २००७ मधील अखेरच्या भागात सॅम रुग्णालयात जागा होतो. कामावर परततो. एका बैठकीत बोट कापून रक्त येते, पण त्याला काहीच जाणवत नाही. १९७३ मधील सहकाऱ्यांना संकटात सोडून आल्याची टोचणीही आहेच. अखेर तो गच्चीवरून उडी घेतो आणि पुन्हा त्यांच्यात पोचतो.

याच कोड्याची आणखी दोन उत्तरे पुढे आली. एबीसीच्या अमेरिकी आवृत्तीत (२००८-०९) सारे १९७३ हे २०३५ साली मंगळाकडे निघालेल्या अंतराळवीराचे, संगणकाच्या बिघाडाने भरकटलेले स्वप्न निघाले. भूतकाळाला येथे काही वजनच उरत नाही. उलट ‘अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस’ या उत्तरमालिकेने २०१० मध्ये सांगितले, की हे जग मृत पोलिसांच्या मुक्तीपूर्वीचा मुक्काम आहे आणि हंट स्वतः १९५३ मध्ये मारला गेलेला तरुण शिपाई आहे.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले : हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारे, आणि अंतराचे भान ठेवून ओढीचे चिंतन करणारे. अखेरच्या उडीपर्यंत ही मालिका दुसऱ्या प्रकारात बसते. अ‍ॅनी या पोलीस सहकारिणीची हेटाळणी तिने झाकलेली नाही, कोठडीतील मारहाणही नाही. पोलिसांच्या अधिकारांना चौकट घालणारा ब्रिटिश कायदा १९८४ चा. सॅमची उडी त्या चौकटीपूर्वीच्या जगात आहे. ती घेताना मार खाणाऱ्या संशयिताचा विचार कोणी करायचा?

येथे आम्हांला जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ची आठवण होते. तेथेही अपघात आहे, आणि इतिहासाचे प्राध्यापक पानिपत जिंकलेल्या मराठ्यांच्या जगात जातात. मोह होण्यासारखेच ते जग. तरीही ते परततात, खिशात बखरीचे एक फाटके पान घेऊन. ते पान आपल्या वर्तमानात तपासले जाते, त्यावर चर्चा होते. सॅमच्या हाती असे काही नव्हते असे नाही. त्याने जे पाहिले तेच त्याचे पान होते, आणि ते तो कोणालाही न दाखवता घेऊन गेला.

म्हणून आमच्या कल्पनेतील शेवट निराळा आहे. सॅम २००६ मध्येच राहतो. समोर संशयित बसलेला असताना त्याला हंट आठवतो, त्याच्याविषयीची माया आणि शरम दोन्ही दाटून येतात, आणि तो चौकशी सुरू करतो.

चाळिशी ओलांडलेले आम्ही प्राध्यापकही वर्गात ‘आमच्या वेळी’ असे सहज म्हणून जातो. त्या वेळी आमच्या बाकांवर कोण बसू शकत नव्हते, हेही त्याच दमात सांगता आले पाहिजे. ते सांगितले नाही, तर आम्हीही गच्चीच्या कठड्यापाशीच उभे आहोत.